शपथ नको, बंदोबस्त हवा : सिगारेट सोडणाऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर मी कित्येक वर्षं तोंडाने सिगारेट मागितलीच नव्हती. मी रस्ता ओलांडायला लागलो की काका एका हाताने चहा गाळायला घेत आणि दुसऱ्या हाताने एक सिगारेट काढून बिस्किटांच्या बरणीच्या झाकणावर ठेवत. बाजूच्या खांबाला सुतळीने बांधलेला लायटर. मी पोचेपर्यंत सगळं मांडून तयार. सोडायची असं ठरवून गेलो त्या सकाळीही ती तशीच ठेवलेली होती. दोन झुरके झाल्यावर मला आठवलं, की अरे, आपण कालपासून सोडली आहे.

तेव्हा स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. मन कच्चं, निश्चय नाही, वगैरे. आता वाटतं, ओढण्याची सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं चोख लावलेली होती आणि सोडण्यासाठी माझ्याकडे काय होतं, तर आदल्या रात्री देवासमोर घेतलेली शपथ. विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गर्दी होऊ नये म्हणून पोलीस शपथ घेत नाहीत. गर्दी होणार हे धरूनच चालतात. कुठला रस्ता बंद, गाड्या कुठून वळवायच्या, कुठल्या चौकात माणूस उभा करायचा, हे आधी कागदावर ठरतं. तलफेचंही तेच. ती येणार. तिच्यासाठी बंदोबस्त लागतो.

मी डॉक्टर नाही. भोसरीत क्वालिटी विभागात नोकरी करतो. अठरा वर्षं ओढली, चौथ्या खेपेला सुटली. त्यानंतर मेव्हणा, दोन सहकारी आणि एक भाचा यांच्या सोडण्यात माझा थोडाफार हात लागला. म्हणजे चुका मी दोन्ही बाजूंनी केल्या आहेत, आणि खालचं बरंचसं त्या चुकांतूनच आलं आहे.

पहिले आठ दिवस : काही सोडू नका, नुसतं लिहा

पाकिटाभोवती रबर लावा, रबरात कागदाची घडी खोचा. प्रत्येक सिगारेट पेटवायच्या आधी चार गोष्टी लिहायच्या : वेळ, जागा, सोबत कोण, आणि तलफ किती. तलफेला एक ते तीन मार्क. आमच्याकडे रिजेक्शनचा तक्ता भरतात तसंच हे. माल का बिघडतो यावर चर्चा नंतर, आधी कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला बिघडतो ते बघायचं.

माझ्या कागदावरचा एक मंगळवार असा होता : ५.२० गच्ची, एकटा, ३. ६.४५ टपरी, चहा, ३. ९.३० लाइन इन्चार्ज उठला म्हणून, १. ९.४० त्यानेच दुसरी पुढे केली म्हणून, ०. शून्य हा मार्क मुळात ठरलेला नव्हता, पण दुसरं काही लिहिता येईना. दिवसभरात अकरा झाल्या, त्यातल्या खऱ्या तलफेच्या चार. बाकीच्या सात कोणी तरी उठलं, फोन आला, बस यायला वेळ होता, अशा.

ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण दोन्हींचा इलाज वेगळा. सोबतीच्या सिगारेटी जागा आणि सोबत बदलून जातात. खऱ्या तलफेमागे निकोटीन असतं. झुरका घेतल्यावर ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. म्हणून तर माणूस शिफ्टचा भोंगा झाल्यासारखा दर दोन तासांनी उठतो. तुमचं अवलंबन किती हे कळायला एक प्रश्न पुरतो : सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटीनची पकड घट्ट आहे, नुसत्या बडीशेपेवर विसंबू नका. पाच मिनिटांच्या आत असेल तर डॉक्टरांकडे न जाता सुरुवातच करू नका.

तारीख

आठवडाभर लिहून झालं की पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख धरा. कंपनीत ऑडिट आहे, घरात लग्न आहे, गणपतीचे शेवटचे तीन दिवस आहेत, तर ती तारीख टाळा. पण सगळं मोकळं असलेला दिवस शोधत बसलात तर पुढची दिवाळी येईल.

आपल्याकडे श्रावणात सोडणारे पुष्कळ. गटारीला शेवटची ओढायची आणि महिनाभर बंद. सुरुवात म्हणून हे वाईट नाही. घरात तसंही पथ्यपाण्याचं वातावरण असतं. अडचण एवढीच, की मनाला परतीची तारीखही ठाऊक असते. मी दोनदा श्रावणात सोडली आणि दोन्हीदा गणपतीच्या मांडवामागे परत धरली. श्रावणात सोडायची तर श्रावण संपण्याच्या दिवसासाठी काय करायचं तेही आधीच ठरवा.

'रोज एक-एक कमी करतो' या मार्गावर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याला आधारही आहे. इंग्लंडमध्ये सुमारे सातशे जणांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम सोडली, निम्म्यांनी दोन आठवड्यांत कमी करत आणून सोडली. औषधाची आणि समुपदेशनाची मदत दोन्ही गटांना होती. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, कमी करत आणणाऱ्यांतले ३९. तरी कुणाला एकदम सोडायची धास्तीच वाटत असेल तर कमी करत या. शेवटची तारीख मात्र हलवायची नाही.

औषधाला कमीपणा मानू नका

आपल्याकडे 'मी नुसत्या मनाच्या जोरावर सोडली' हे मिशीला पीळ देऊन सांगितलं जातं. ज्यांची तशी सुटली त्यांना नमस्कार. पण कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाचच सहा महिने-वर्षभर टिकतात. औषध आणि समुपदेशन दोन्ही घेतलं तर शक्यता बरीच वाढते. चष्मा लावणारा डोळ्यांनी कच्चा ठरत नाही, तसंच हे.

सगळ्यात सहज मिळतो तो निकोटीनचा गम. तो २ आणि ४ मिलिग्रॅमचा असतो. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जाग आल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्यांना बहुधा ४ चा सांगतात. आणि इथेच लोकांचं बिनसतं, माझंही बिनसलं होतं. मी तो साध्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावला, लाळ गिळली, पाच मिनिटांत उचक्या, घशात जळजळ, पोटात मळमळ. 'हे आपल्याला मानवत नाही' म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं ते तिथेच पडलं.

गम खायची रीत अशी. सावकाश आठ-दहा वेळा चावा. तिखट लागायला, जिभेला झिणझिण्या यायला लागल्या की थांबा आणि गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. निकोटीन तिथल्या त्वचेतून आत जातं, पोटातून नाही. झिणझिण्या गेल्या की परत दोन-चार वेळा चावा, आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. खायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. आंबट-तुरट पेयांमुळे निकोटीन नीट आत जात नाही. पहिले सहा आठवडे तासा-दोन तासाला एक, मग अंतर वाढवत जायचं आणि साधारण तीन महिन्यांत बंद. तलफ डोक्यात गेल्यावर गम शोधणं उपयोगाचं नाही, कारण त्याला काम करायला वेळ लागतो. घड्याळ लावून खा.

पॅच म्हणजे कातडीला लावायची पट्टी. ती दिवसभर थोडं थोडं निकोटीन देते. रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढायची. पॅच आणि वर लागेल तसा गम, ही जोडी एकट्या पॅचपेक्षा चांगली चालते. याशिवाय व्हेरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन या गोळ्या आहेत. त्या निव्वळ डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि सोडायच्या तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू करायच्या. फिट्स येणाऱ्यांना ब्युप्रोपियॉन देत नाहीत. गरोदरपण, नुकताच आलेला हार्ट अटॅक, मानसिक आजाराची चालू औषधं यांपैकी काहीही असेल तर गमसुद्धा विचारूनच.

पुण्यात जायचं कुठे? सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन केंद्रं आहेत. आपलं जिल्हा रुग्णालय औंधला. जाण्याआधी फोन करून वार आणि वेळ विचारा, नाहीतर एक सुट्टी आणि एक निश्चय दोन्ही वाया जातात. दंतवैद्यक महाविद्यालयांतही अशी केंद्रं चालतात, तिथे तोंडाची तपासणीही होते. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे; दारूचं आणि तंबाखूचं गाठोडं एकत्र असेल तर तिथे विचारा. आणि घरबसल्या म्हणाल तर सरकारी क्विटलाइन आहे : १८००-११-२३५६, फुकट. हा नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. मी तो हजार वेळा पाहिला असेल, वाचला एकदाही नव्हता.

आदली रात्र

घरातल्या, गाडीतल्या, ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या सगळ्या सिगारेटी, लायटर, ॲशट्रे बाहेर. 'इमर्जन्सीला एक' ठेवायची नाही. इमर्जन्सी रोज येते. स्कूटरची डिकी बघा, हेल्मेटची पिशवी बघा, आणि पावसाळी जॅकेटचा आतला खिसा बघा. मला तिथे सव्वा महिन्याने एक ओलसर पाकीट सापडलं होतं, आणि ओलसर सिगारेट वाळवून ओढता येते हे मला माहीत होतं. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंतची ती पन्नास पावलं मला अजून आठवतात.

जॅकेटं, चादरी, गाडीच्या सीटची कव्हरं धुवायला टाका. तीन माणसांना सांगा : घरातलं एक, कामावरचं एक, आणि टपरीवाला. तिसरं नाव वाचून हसू येईल, पण माझा चौथा प्रयत्न टिकला त्यात याचा वाटा मोठा. मी काकांना म्हणालो, ''काका, उद्यापासून झाकणावर ठेवू नका. मागितली तरी एकदा विचारा.'' ते म्हणाले, ''मागितली तर देणार साहेब, धंदा आहे. पण ठेवणार नाही.'' मला तेवढंच हवं होतं. मागायला लागणं आणि मांडून ठेवलेली उचलणं यात फार फरक आहे. (सुट्या सिगारेटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, हे मलाही माहीत आहे आणि काकांनाही.)

पहिले तीन दिवस

सगळ्यात अवघड हेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, डोकं जड, कामात लक्ष नाही, झोप तुटक, भूक अवेळी. हे निकोटीन उतरण्याचं लक्षण आहे, तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. पहिल्या आठवड्यात जोर सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं.

एकेक तलफ मात्र सलग दिवसभर नसते. ती चढते, तीन ते पाच मिनिटं धरून ठेवते आणि उतरते. तुम्ही ओढा की ओढू नका. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटांच्या वर एकही गेली नाही. म्हणजे दिवसभराची लढाई नाहीच, चार-चार मिनिटांचे पंधरा-वीस तुकडे आहेत. त्या चार मिनिटांसाठी हाताला आणि तोंडाला काम हवं. थंड पाणी घोट-घोट, लवंग, फुटाणे, गाजराचे तुकडे, जिना उतरून परत चढणं, कुणाला तरी फोन. माझा मेव्हणा दाढीचं सामान काढून बसायचा. फेस लावलेल्या तोंडात सिगारेट धरता येत नाही म्हणे.

सुपारी मात्र नको. सिगारेट सोडून सुपारीची पुडी धरणारे मी निदान पाच पाहिले. साधी सुपारी, तंबाखूचा कणही नसलेली, हीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते. बडीशेप खा, ओवा खा, धणाडाळ खा.

पहाटेची सिगारेट सोडणाऱ्यांसाठी पुण्यासारखं शहर नाही. ती वेळ टेकडीला द्या. तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती, जी जवळ असेल ती. पहिल्या दिवशी पर्वतीच्या मध्यावरच मला धाप लागली आणि सत्तरीतल्या एक बाई मला ओलांडून गेल्या. दोन आठवड्यांनी न थांबता वर गेलो.

चहाचं काय करायचं

यावर थोडं जास्त लिहितो, कारण पुण्यातले निम्मे प्रयत्न चहाच्या ग्लासात बुडतात.

सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफिन भराभर मोडायला लावतात. धूर बंद झाला की तोच चहा, तीच कॉफी शरीरात जास्त वेळ राहते. म्हणजे सोडल्यावर तुम्ही पूर्वीइतकाच चहा पीत असाल तर तो दुप्पट अंगावर येतो : धडधड, हात थरथरणं, रात्री एक वाजेपर्यंत जाग. माणसाला वाटतं, हे सिगारेट सोडल्यामुळे होतंय, आणि तो सिगारेट धरतो. त्यामुळे पहिल्याच दिवसापासून चहा निम्मा करा. सहाचे तीन, फुलचा हाफ. दुपारी चारनंतर शक्यतो नाहीच.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. पुणेकराला सिगारेट आणि चहा एकाच दिवशी सोडायला लावणं म्हणजे दोन्ही चालू ठेवायची सोय करणं. पण चहाची जागा बदला. टपरीऐवजी अमृततुल्यात बाकावर बसून घ्या. उजव्या हातात सिगारेट असायची, आता ग्लास उजव्या हातात धरा. उभ्याने पीत होतात तर बसून प्या. ऑफिसच्या ग्रुपबरोबर खाली जायची सवय असेल तर पहिले तीन आठवडे जाऊच नका, तसं त्यांना सरळ सांगा. हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या भाच्याची खरी अडचण सिगारेट नव्हती. 'खाली जाऊन येऊ' यातच सगळ्या बातम्या असतात, प्रमोशन कुणाचं, टीम कुणाची. वर बसून राहिलं की माणूस कटला. त्याने तोड काढली : त्यातल्या एकालाच घेऊन इमारतीला चक्कर मारायची. बातम्या तेवढ्याच मिळतात.

पहिल्या महिन्यातल्या न सांगितलेल्या गोष्टी

खोकला वाढतो. घाबरू नका, फुफ्फुसं साफसफाईला लागलेली असतात. पण रक्त पडलं किंवा तीन-चार आठवड्यांनी थांबला नाही तर दाखवा. बद्धकोष्ठ होतं, पाणी आणि भाज्या वाढवा. तोंडात फोड येतात, जातात. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. माझं सहा वाढलं, त्यातले तीन बाकरवडीचे. वजनाचं नंतर बघू. एका वेळी एकच आघाडी.

मधुमेहाचं इन्शुलिन, रक्त पातळ करायचं औषध, दम्याची थिओफिलिन, काही मानसोपचाराची औषधं यांचा डोस सिगारेट बंद झाल्यावर बदलावा लागू शकतो. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

चांगलं काय होतं, तेही हिशेबात धरा. वीस मिनिटांत नाडी उतरते, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीवर येतो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे निम्मा होतो. आणि वीस रुपयांची एक धरली, दिवसाला दहा, तर वर्षाचे ७३,००० रुपये होतात. मी ते वेगळे काढले नाहीत, चूक केली. तुम्ही रोजचे दोनशे त्याच संध्याकाळी दुसऱ्या खात्यात टाका.

बिडी, तंबाखू, मशेरी, व्हेप

थोडक्यात. बिडी पानाची म्हणून साधी नसते. ती विझू नये म्हणून जास्त वेळा आणि खोल ओढावी लागते. सिगारेट सोडून मळायला लागणं म्हणजे सोडणं नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांत ओढणारे ३.८ टक्केच निघाले, आणि तोंडातून तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपला खरा राक्षस तिकडे आहे. आजीची मशेरी त्यातच आली. 'दात घासते फक्त' म्हणणाऱ्या आजीला दिवसातून चार वेळा दात का घासावे लागतात ते बघा. वर सांगितलेलं लिहून ठेवणं, तारीख, समुपदेशन हे सगळं त्यांनाही लागू. ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे चोरून मिळणाऱ्यात काय भरलंय ते कुणीच सांगू शकत नाही.

घसरलात तर

एक ओढली म्हणजे एक ओढली. पाकीट घेतलं तर तो दुसरा निर्णय आहे, आणि तो अजून तुमच्या हातात आहे. माझे पहिले तीन प्रयत्न एका सिगारेटने मोडले नाहीत. 'आता गेलंच आहे तर' या चार शब्दांनी मोडले. त्याच रात्री वहीत लिहा : कुठे, कोणाबरोबर, काय झालं होतं. तारीख परत शून्यावर न्यायची गरज नाही. चाळीस दिवसांत एक, हा चाळीस दिवसांचाच हिशेब आहे. दारू ही सगळ्यात मोठी घसरगुंडी. पहिले दोन महिने बसणं टाळता आलं तर फार बरं.

आता घरच्यांनी काय करायचं

पहिलं म्हणजे विचारा. ''मी काय केलेलं चालेल आणि काय केलेलं डोक्यात जाईल?'' माझ्या बायकोने चौथ्या खेपेला हे विचारलं. त्याआधीच्या तीन खेपांना ती दारातच शर्टाचा वास घ्यायची. मीही मग कंपनीच्या बसमध्येच शर्ट बदलायला लागलो. तिला पोलीस व्हावं लागलं, मला चोर, आणि सिगारेट मजेत होती. चौथ्या वेळी आमचं ठरलं : वास घ्यायचा नाही, खिसे बघायचे नाहीत, आणि मी घसरलो तर मीच सांगायचं. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, ''अहो, मग आता जेवताय ना?'' मला वाटतं, त्या वाक्यानेच मी दुसरी ओढली नाही.

दिवस मोठ्याने मोजू नका. हे मी भाच्याच्या बाबतीत केलं. रोज रात्री मेसेज : 'किती झाले?' चौदाव्या दिवशी त्याने उत्तर देणंच बंद केलं. नंतर कळलं, बाराव्या दिवशी एक ओढली होती आणि मामाचा आकडा बिघडेल म्हणून सांगवेना. माझी कौतुकाची हौस त्याच्या मानेवर बसली होती. आता मी दिवसाऐवजी दुसरं विचारतो : आज कुठली वेळ अवघड गेली?

दोन आठवडे चिडचिडीला सूट द्या. याचा अर्थ मारहाण, शिवीगाळ सहन करा असा नाही. पण भाजीत मीठ कमी यावरून आवाज चढला तर त्या दिवशी न्यायनिवाडा नको. 'यापेक्षा ओढत होतास ते बरं' हे वाक्य गमतीतही तोंडातून जाऊ देऊ नका. ज्याची वाट पाहत होतो ती परवानगी मिळाली, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला वाटलं होतं.

मुलांना हेर करू नका. फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करू नका. सतरा अंगठे आणि आत्याचा उपदेश याने कुणाची तलफ गेलेली नाही. 'माझ्यासाठी एवढंही नाही का करत' हे तर मुळीच नको. त्याने प्रेमाची परीक्षा सुरू होते आणि घसरला की दोन गोष्टी एकदम मोडतात.

करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते साधं आहे. जेवणानंतरची सिगारेट बळकट असते, तेव्हा जेवण झालं की लगेच दोघांनी खाली चक्कर मारा. फुटाण्यांचा डबा हाताशी ठेवा. दोन आठवडे पाहुणे कमी करा. तुम्ही स्वतः ओढत असाल आणि सोडणार नसाल, तरी त्याच्यासमोर ओढू नका, घरात पाकीट ठेवू नका, आणि त्याने मागितली तर देऊ नका. मित्रांनो, 'घे रे एक, काय होतंय' म्हणणारा दरवेळी दुष्ट नसतो. बहुतेक वेळा त्याला एकटं ओढायची लाज वाटत असते.

ज्याला सोडायचीच नाही त्याच्या मागे लागू नका. एकदा, शांतपणे, नीट बोला : मला काळजी वाटते, ठरवलंस तर मी आहे. मग गप्प बसा. घरात धूर नको हा नियम मात्र तुमच्या हक्काचा आहे. बाल्कनीही घरच, धूर आत येतोच. वडील गावाकडचे, बिडीवाले असतील तर तुमच्यापेक्षा डॉक्टरांचं एक वाक्य जास्त काम करतं. त्यांना तपासणीला घेऊन जा आणि तो विषय डॉक्टरांना काढू द्या. भिंतीवर रंगवलेल्या 'नकळत जेवणात मिसळा, व्यसन सुटेल' अशा पावडरींच्या वाटेला जाऊ नका. आत काय आहे ते कळत नाही, आणि कळलं की विश्वास उडतो.

आणखी एक. ओढणारी फक्त पुरुषमाणसंच असतात असं धरून आपण बोलतो. नोकरी करणाऱ्या कित्येक मुली घरी लपवून ओढतात, आणि लपवल्यामुळे सोडतानाही एकट्या असतात. मुलीच्या पर्समध्ये लायटर दिसला तर पहिलं वाक्य अब्रूचं नको. पस्तिशीनंतर गर्भनिरोधक गोळ्या आणि सिगारेट एकत्र चालू असतील तर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. हे तिला कुणी तरी सांगायला हवं, आणि ते तुम्ही असलेलं बरं.

तीन महिन्यांनंतर

गम बंद झाला तरी त्याचे दोन तुकडे पाकिटात असू द्या, पैशांच्या पाकिटात. लग्न, मयत, ट्रेक, जुने मित्र, यांतल्या कुठल्याही दिवशी तलफ अचानक वर येते, वर्षानंतरही येते, आणि पूर्वीसारखीच चार मिनिटांत जाते. अशा वेळी फोन करायला एक माणूस ठरलेला असावा. त्या माणसाने उपदेश करायचा नसतो, हे मला आता पाठ झालं आहे.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. मित्राच्या हळदीत होता, मागे बँजो इतका वाजत होता की शब्द कळेनात. ''मामा, सगळे मागे जाऊन ओढतायत. तू काही बोलू नकोस, नुसता फोन चालू ठेव.'' मी ठेवला. बायकोने खुणेने विचारलं, कोण? मी खुणेनेच सांगितलं, आणि सहा मिनिटं दोघं त्या मांडवातली गाणी ऐकत बसलो.